एलएल-३७ की बीटा-डिफेन्सिन-३? प्रबंधासाठी पेप्टाइड निवडताना

मानवी संरक्षक पेप्टाइडची (जंतू मारणाऱ्या, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) रचना आणि कार्य यांचा संबंध तपासायचा, असे ठरवलेल्या जळगाव-धुळ्याकडच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने एलएल-३७ आणि बीटा-डिफेन्सिन-३ या दोघांना शेजारी ठेवून पाहावे.

एलएल-३७ हे कॅथेलिसिडिन या संरक्षक पेप्टाइडांच्या कुळातले माणसातले एकमेव. त्याची ३७ अमिनो आम्लांची साखळी दोन ल्युसिनांनी (खूण ‘एल’) सुरू होते, म्हणून हे नाव. शुद्ध पाण्यात साखळी विस्कळीत असते. क्षार मिळाले किंवा जिवाणूच्या ऋणभारित पटलाशी (बाहेरच्या आवरणाशी) गाठ पडली, की ती सर्पिल होते आणि तिच्या एका अंगाला पाणी टाळणारी, तर दुसऱ्या अंगाला धनभारित आम्ले येतात. पटल फाडण्याचे बळ या दुहेरी अंगात आहे. सी.डी. (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाने साखळीची घडण दाखवणाऱ्या) उपकरणाच्या आलेखात २०८ आणि २२२ नॅनोमीटरपाशी दोन खळगे उमटताना पाहिले, की रचना घडते म्हणजे काय हे खरोखर उमगते. शिवाय १८ ते २९ क्रमांकांचा बारा आम्लांचा तुकडा एकटाही ई. कोलाय मारतो. अडचण अशी, की हेच पेप्टाइड एफपीआर-२ या ग्राहीमार्फत पांढऱ्या पेशींना बोलावते, एन्डोटॉक्सिन या जिवाणूंच्या आवरणातल्या विषाला बांधून दाह आवरते आणि सोरायसिसमध्ये स्वतःच्याच डीएनएला बिलगून तो भडकवते. त्यामुळे कोणते काम रचनेच्या कोणत्या अंगाचे, हे वेगळे काढणे कठीण जाते.

बीटा-डिफेन्सिन-३ मध्ये ४५ आम्ले असून सिस्टीन या गंधकयुक्त आम्लाच्या जोड्यांमधले तीन डायसल्फाइड बंध त्याची घडी धरून ठेवतात. त्याचा धनभार +११ आहे, एलएल-३७ चा +६. सहाही सिस्टीन बदलून बंध काढून टाकल्याचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात ई. कोलाय मारण्याची ताकद टिकली, पण पेशींना ओढून आणण्याची गेली. इतके स्वच्छ उत्तर एलएल-३७ देत नाही. मात्र सहा सिस्टिनांच्या जोड्या पंधरा प्रकारे जुळू शकतात आणि हवी ती एकच असते, म्हणून हे पेप्टाइड महागही पडते.

वर्षभराच्या प्रबंधाला मी एलएल-३७ आणि त्याचा तुकडाच सुचवीन, पीएच.डी.ची मुदत आणि पेशीसंवर्धनाची सोय असेल, तर डिफेन्सिन. वैशाखात विरघळवलेली कुपी बाकावर ठेवून जेवायला जाऊ नये. जिवाणूंवर चाचणी करायची प्लेट पॉलिप्रॉपिलीनचीच घ्यावी, कारण पॉलिस्टायरीनला धनभारित पेप्टाइड चिकटून बसते आणि जिवाणू वाढलेले दिसले, की दोष पेप्टाइडवर जातो.