अर्जंट एपीच्या (अमेरिकेबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीच्या) नावाखाली २,१८० डॉलर गेले आणि बायको सांगलीत अडकली

लिहायची लाज वाटतेय, पण मला फसवणाऱ्या माणसाचा व्हॉट्सअॅप नंबर अजून चालू आहे आणि न्यू जर्सीतल्या आपल्याच लोकांत फिरतोय, म्हणून लिहितो.

मी अमेरिकन सिटिझन, बायको एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर. लग्नानंतर आय-१३० (बायकोसाठी माझी पिटिशन) आणि आय-४८५ (तिचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र टाकलं. ४८५ चे १,४४० भरल्यावर अॅडव्हान्स पॅरोलच्या, म्हणजे एपीच्या, आय-१३१ फॉर्मचे अजून ६३० मागत होते (एप्रिल २०२४ च्या आधी ते ४८५ सोबत फुकट असायचं), म्हटलं लगेच कुठे जायचंय, राहू दे. आणि मग सांगलीहून फोन, सासऱ्यांना अटॅक, बायपास करायला लागणार.

मित्राची बायको ४८५ पेंडिंग असताना मस्त भारतात जाऊन आली होती, पण ती एच-१ या नोकरीच्या व्हिसावर. व्हॅलिड एच किंवा एल (हाही नोकरीचाच व्हिसा) वाल्यांना चालतं, एफ-१ वाल्याने एपी हातात नसताना देश सोडला की अर्ज सोडून दिला असं धरतात. हे मला माहीत होतं हो! म्हणूनच तर एपीच्या मागे लागलो.

नंबर ओळखीतल्याच एकाने दिला. माणूस छान मराठीत बोलायचा, "दादा, वहिनींचं काम चार दिवसांत करून देतो". सरकारी फी ६३०, एक्स्पिडाइटचे (काम लवकर करून घ्यायचे) १,२५०, फाइलिंगचे ३००, सगळे झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायचं अॅप). ६३० चा आकडा बरोबर होता म्हणून बाकीचे दोन पण खरे वाटले. एक्स्पिडाइट मागायला सरकार एक सेंट घेत नाही आणि आय-१३१ ला प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल, हा प्रकारच नाही.

आता जिथे अजून जीव जळतो ते सांगतो. त्याने आयओई ने सुरू होणारा रिसीट नंबर दिला, मी स्वतः यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) साइटवर टाकला, केस अप्रूव्ह्ड. पण खाली फॉर्म लिहिला होता आय-७६५! म्हणजे वर्क परमिट, तो पण दुसऱ्याच कुणाचातरी, कारण त्या पानावर नाव दिसतच नाही. मी विचारलं, अगदी विचारलं. म्हणाला, "दादा, कॉम्बो कार्ड असतं ना, म्हणून तसं दिसतं." आता वर्क परमिट आणि एपी एकाच कार्डावर, अशी कॉम्बो कार्ड खरंच निघायची, मग कोण शंका घेणार? तुम्ही घेतली असती? नंतर पीडीएफ आला, बायकोचा फोटो वगैरे लावलेला, वर मेसेज, कलर प्रिंट काढून ठेवा. प्रवासाचा कागद घरच्या प्रिंटरवर कोण काढतं!

अमेरिकेतून निघताना इमिग्रेशनवाला कोणी अडवत नाही, त्यामुळे ती गेली. बायपास नीट झाली. परत येताना मुंबईला चेक-इन काउंटरवरच्या मुलीने तो कागद उजेडाकडे धरला, सुपरवायझरला बोलावलं, आणि बॅगा बेल्टवरून खाली.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच ऑथराइज केलंय. इथले पोलिस म्हणतात हे सिव्हिल मॅटर, वकील बघा. सांगलीत सासरे टाके ओले असताना पोलिस स्टेशनला गेले तर तिथे साहेब म्हणतात गुन्हा अमेरिकेत झाला, जावयाला सांगा तिकडे नोंदवायला. अरे मग मी कुठे जाऊ? एफटीसीच्या (अमेरिकेचं ग्राहक संरक्षण खातं) साइटवर तक्रार टाकली, रेफरन्स नंबर आला, पुढे शांतता. आणि ज्याने नंबर दिला तो म्हणतो, आमचं काम तर व्यवस्थित झालं होतं.

खरी इमर्जन्सी असेल तर हॉस्पिटलचं पत्र घेऊन यूएससीआयएसच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन करा, फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट मागा, कागद तिथे हातात मिळू शकतो. फोनवर तासभर जाईल, जाऊ दे. आय-१३१ नुसता पेंडिंग असताना निघालात तर तोही जातो. वकील असेल तर जी-२८ (मी यांचा वकील आहे असं सांगणारा फॉर्म) भरतो, भरत नसेल तर फोन ठेवा. आणि सरकारी फी कधीच कुणाच्या पर्सनल झेलवर जात नाही, कधीच.

४८५ चे १,४४० गेले, वर्क परमिटचे २६० गेले. आय-१३० तेवढा जिवंत आहे, आता एनव्हीसी (अमेरिकेचं व्हिसा सेंटर) मार्फत परत ३२५ आणि १२० भरायचे आणि मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या इंटरव्ह्यूची वाट बघायची. त्या हरामखोराने डीपीला आता गणपती लावलाय. न्यू जर्सीत एडिसन-इसेलिनकडे कुणाला "दादा, वहिनींचं काम" असा मेसेज आला असेल तर झेलचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, मला पाठवा, दहा जणांनी मिळून गेलो तर निदान पोलिस खुर्ची तरी देतील.