मराठी टिपणांसाठी ऑब्सिडियन : ठाणे-वाशी प्रवासातल्या वापराचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी माझी सर्व टिपणे ऑब्सिडियन या ॲपमध्ये ठेवते आणि त्यांतून तयार होणारे लेख ह्यूगो या संकेतस्थळ तयार करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने स्वतःच्या ब्लॉगवर प्रसिद्ध करते. लेखांचा विषय ठाण्यातील तलाव, जुनी देवळे आणि रेल्वे असा मर्यादित आहे. परंतु टिपणे सुटीसुटी, अर्धवट आणि वेगवेगळ्या वेळी लिहिलेली असतात. मराठीत लिहिणाऱ्याने साधन निवडताना सोयीसुविधांच्या लांबलचक यादीला फारसे महत्त्व देऊ नये. लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात कोठे राहतो आणि काही महिन्यांनी शोधल्यावर तो मराठीतून सापडतो का, एवढेच आधी तपासावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

यापूर्वी मी वापरत असलेले ॲप पूर्णपणे इंटरनेटवर अवलंबून होते. वाशीच्या गाडीत चौथ्या सीटवर कसेबसे टेकून टिपण उघडावे आणि नेटवर्क गेल्यामुळे पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, हा रोजचाच प्रकार होता. शिवाय मजकूर कंपनीच्या संगणकावर असला की नियमही कंपनीचेच चालतात. २०२३च्या डिसेंबरमध्ये एव्हरनोट या टिपणांच्या ॲपने मोफत वापरकर्त्यांवर ५० टिपणे आणि एकच वही अशी मर्यादा घातली, त्या वेळी ही गोष्ट अनेकांच्या लक्षात आली.

ऑब्सिडियनची रचना याच्या नेमकी उलट आहे. त्यातील ‘व्हॉल्ट’ म्हणजे आपल्याच फोनमधील किंवा लॅपटॉपमधील एक साधे फोल्डर असते आणि प्रत्येक टिपण ही त्यातील एक मजकुराची फाइल असते. शीर्षके, याद्या आणि ठळक अक्षरे यांसाठी मार्कडाउनच्या खुणा वापरतात. ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडली आणि आता ती बहुतेक लेखन-साधनांना समजते. उद्या हे ॲप बंद पडले तरी माझ्या फाइली साध्या नोटपॅडमध्ये उघडतील. वैयक्तिक वापर आधीपासूनच विनामूल्य होता. २०२५च्या फेब्रुवारीपासून कार्यालयीन कामासाठीही परवाना विकत घेण्याची सक्ती राहिलेली नाही.

एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवा देण्यासाठी दुहेरी चौकटी कंसात त्याचे नाव लिहावे लागते. येथे मराठीची विभक्ती आड येते. ठाण्यातील मासुंदा तलावावरच्या टिपणाचे नाव ‘मासुंदा’ असते, पण वाक्यात आपण ‘मासुंद्याच्या काठी’ असे लिहितो. अशा वेळी [[मासुंदा|मासुंद्याच्या]] असे लिहिले की दुवा मूळ टिपणाकडे जातो आणि वाक्यही बिघडत नाही. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते. मात्र कोपिनेश्वर मंदिरावर लिहायला घेतले, तेव्हा मासुंद्याच्या टिपणाखाली त्याचा उल्लेख असलेली इतर सर्व टिपणे आपोआप गोळा झालेली दिसली आणि त्या खटाटोपाचे सार्थक झाले. सर्व दुव्यांचे जाळे दाखवणारा आलेख दिसतो देखणा, पण त्यातून मला आजवर एकही लेख सुचलेला नाही. तो पाहुण्यांना दाखवण्यापुरता ठीक आहे.

शोधाचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण मराठीत खरी अडचण तेथेच येते आणि तिचा दोष कोणत्याही एका ॲपकडे जात नाही. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे असतात. त्यामुळे फोनवर लिहिलेला शब्द लॅपटॉपवर शोधला तर ‘काही सापडले नाही’ असे उत्तर मिळू शकते. ‘ॲ’ची कथाही तीच आहे, तो एक स्वतंत्र अक्षर म्हणून येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन तयार केलेला असतो.

यावर मी दोन उपाय वापरते. पहिला म्हणजे शब्द जेथे बदलू शकतो त्याच्या आधीच थांबणे : ‘किना’ एवढेच शोधले तर किनारा, किनारे आणि दोन्ही प्रकारचे किनाऱ्यावर असे सर्व काही मिळते. ‘ठाण’ लिहिले की ठाणे, ठाण्यात आणि ठाणेकर एकत्र येतात. अर्थात त्यांत पोलीस ठाणेही येते, पण ते सहन करता येते. दुसरा उपाय म्हणजे शोधाच्या चौकटीत तिरप्या रेघांमध्ये पर्याय देणे. /(ॲ|अॅ)प/ असे लिहिले की दोन्ही रूपे सापडतात. ही सोय ऑब्सिडियनमध्ये मुळातच असल्यामुळे मी येथे टिकले, असे म्हणायला हरकत नाही.

फोन आणि लॅपटॉप यांचा मेळ घालण्यासाठी ऑब्सिडियनची सशुल्क सेवा आहे. मी मात्र सिंकथिंग वापरते. त्यात फाइली कोणाच्याही सर्व्हरवर न साठवता थेट एका उपकरणातून दुसऱ्यात जातात. अँड्रॉइडसाठीचे त्याचे मूळ ॲप २०२४च्या डिसेंबरमध्ये थांबवण्यात आले आणि आता इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. एकच टिपण दोन्हीकडे बदलले गेले तर एक जादा प्रत तयार होते आणि ती स्वतःच वाचून निकाली काढावी लागते. ज्यांना हा उद्योग नको असेल त्यांनी सरळ पैसे भरावेत.

प्रकाशनाचा भाग तुलनेने सोपा आहे, मात्र तो लॅपटॉपवरच उरकावा लागतो. ह्यूगो त्याच मार्कडाउन फाइलींची पाने बनवते आणि ती गिटहब पेजेस या संकेतस्थळे ठेवण्याच्या सेवेवर विनामूल्य ठेवता येतात. एक सूचना आवर्जून करते : लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवू नये. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवताना अशा एकेका चिन्हाची टक्क्यांच्या खुणांनी भरलेली नऊ चिन्हे होऊ शकतात. काना, उकार आणि अनुस्वार धरून सात चिन्हांच्या नुसत्या ‘मासुंदा’ची अशी ६३ चिन्हे होतात आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर असा दुवा फसवणुकीचा समजून कोणी उघडत नाही. शीर्षक मराठीत आणि पत्ता रोमन लिपीत ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

कामांच्या यादीसाठी मी ऑब्सिडियन वापरत नाही. वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि गॅसचा नंबर लावणे यांची आठवण फोनच्या कॅलेंडरने वेळेवर वाजून द्यावी, हेच बरे. टिपणात लिहिलेले काम आपण टिपण उघडेपर्यंत गप्प बसून असते.

मराठी ग्रंथ संग्रहालयात बसून संदर्भ काढायचे असतील तर मी अजूनही कागदी वहीच नेते, कारण जुने पुस्तक एका हाताने सांभाळून दुसऱ्या हाताने फोनवर जोडाक्षरे उमटवणे मला जमत नाही. घरी आल्यावर वहीच्या पानाचा फोटो त्या विषयाच्या टिपणाला जोडते. फोटोतील हस्ताक्षर शोधात येत नाही, म्हणून त्याखाली पुस्तकाचे नाव, पृष्ठ क्रमांक आणि विषय एवढे टंकून ठेवते. फोटोंसाठी व्हॉल्टमध्ये वेगळे फोल्डर केलेले असावे आणि फोटो लहान करूनच त्यात टाकावेत, अन्यथा फोनवर व्हॉल्ट उघडायला लागणारा वेळ जाणवण्याइतका वाढतो.