कान आतून उतरला, तर स्टेरॉइड गोळीतून की पडद्यातून?

आई फोन नेहमी उजव्या कानाला लावायची. गेल्या दिवाळीनंतर तो डावीकडे गेला आणि नौपाड्यातल्या आमच्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. महिन्याभरात डावा कानही उतरला. ठाणे स्टेशनवरची घोषणा तिला ऐकू यायची, पण शब्द लागायचे नाहीत. एका दवाखान्यात मळ समजून थेंब दिले. त्यात गेलेल्या दहा दिवसांची मला अजून हळहळ वाटते. ऑडिओमेट्रीनंतर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीनंतर, कानाचे डॉक्टर म्हणाले, दोष आतला आहे, दोन्ही बाजूंना आहे, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणाच आंतरकर्णावर उलटली असावी. स्टेरॉइड लागेल. गोळ्या की कानात इंजेक्शन? आईला मधुमेह, त्यामुळे घरात सगळ्यांचा कौल इंजेक्शनला.

मी आधी आजाराचं मूळ समजून घेतलं, कारण निवड त्यावरच ठरते. आंतरकर्ण प्रतिकारयंत्रणेपासून अलिप्त असतो, असं एके काळी मानायचे. प्रत्यक्षात तिथल्या एंडोलिम्फॅटिक सॅक नावाच्या पिशवीत प्रतिकारपेशी असतात, आणि दाह भडकला की गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियातल्या नाजूक पेशींना इजा होते. ब्रायन मॅककेब या अमेरिकी डॉक्टरांनी १९७९ मध्ये अशा १८ रुग्णांची नोंद केली. ऐकणं आठवड्या-महिन्यांत घटत जातं, बहुधा दोन्ही कानांचं, आणि स्टेरॉइडने सुधारतं. आजार पक्का सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. औषध लागू पडणं हाच मोठा पुरावा.

गोळीची बाजू इथे भक्कम होते. ती रक्तातून दोन्ही कानांना पोहोचते आणि उलटलेल्या यंत्रणेलाच आवरते. सहसा वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, जवळपास महिनाभर देतात; मग मात्रा हळूहळू उतरवतात. किंमतही मोजावी लागते: शुगर आणि रक्तदाब चढतो, झोप उडते, पित्त होतं. दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे काढून घ्याच. आणि गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

इंजेक्शनमध्ये पडदा बधिर करून बारीक सुईने औषध मध्यकर्णात सोडतात. तो कान वर करून वीस-तीस मिनिटं पडून राहायचं, शक्यतो बोलायचं-गिळायचं नाही. औषध आत झिरपतं. रक्तात फारच थोडं जातं, म्हणून शुगर सहसा फार हलत नाही. थोडं दुखतं, काही मिनिटं गरगरतं, क्वचित पडद्याला भोक राहतं. पण ज्या कानात टोचलं, त्याच्यापुरतंच.

एकच कान अचानक, तीन दिवसांच्या आत गेला असेल तर हिशोब बदलतो. अशा २५० रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०११ मध्ये आला. दोन महिन्यांनी गोळ्या आणि इंजेक्शन या दोन्ही गटांत ऐकणं सरासरी ३० डेसिबलच्या आसपास सुधारलं होतं. तेव्हा मधुमेही माणसाने तिथे बेधडक इंजेक्शन मागावं. उपचार मात्र पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवा. तासन् तास चक्कर आणि कानाला दडे असतील, तर आधी मेनिएर या आंतरकर्णाच्या दुसऱ्या आजाराचा विचार होतो. तो वेगळा विषय.

आमचं दुखणं दोन्ही कानांचं आणि सरकणारं होतं. म्हणून घरच्यांचा कौल बाजूला ठेवून आम्ही गोळ्या घेतल्या. मधुमेहाच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, इन्सुलिन वाढवून घेतलं, रोज चार वेळा शुगर मोजून वहीत लिहिली. तिसऱ्या आठवड्यातल्या ऑडिओमेट्रीत डावा कान बराच वर आला, उजवा जेमतेम. त्या उजव्यासाठी डॉक्टरांनी नंतर इंजेक्शनं जोडली. गोळीला पूरक म्हणून ती मला पटतात, तिच्याऐवजी नाही.

मात्रा उतरवताना ऐकणं पुन्हा घसरू शकतं, म्हणून दर टप्प्याला ऑडिओमेट्री करून घ्या. तेव्हा मेथोट्रेक्सेट या प्रतिकारयंत्रणा दाबणाऱ्या औषधाचं नाव निघालं, तर २००३ च्या एका चाचणीत सुधारलेलं ऐकणं टिकवायला ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं, हे विचारात घ्या. आणि सगळं करूनही कान गेलेच, तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र, या आजारात सहसा चांगलं काम करतं. आई सध्या डाव्या कानानेच फोनवर बोलते.