एका थापेची किंमत : ‘ईझी ए’

विल ग्लक दिग्दर्शित ‘ईझी ए’ हा २०१० सालचा अमेरिकन चित्रपट गेल्या रविवारी गंगापूर रोडवरील घरी, अकरावीत शिकणाऱ्या भाचीसोबत, पुन्हा पाहिला. कॅलिफोर्नियातील एका लहान गावातल्या शाळेत घडणारी ही गोष्ट मैत्रिणीच्या कुटुंबाबरोबर सहलीला जाणे टाळण्यासाठी नायिका ऑलिव्हने मारलेल्या साध्या थापेपासून सुरू होते : त्या शनिवार-रविवारी आपली एका मुलाशी भेट ठरली आहे. पुढे मैत्रीण खोदून खोदून विचारू लागते, तेव्हा ऑलिव्ह कंटाळून तिला हवे ते उत्तर, म्हणजे त्या मुलाशी शरीरसंबंध आल्याचे, देऊन टाकते आणि शाळेतली एक धर्मनिष्ठ मुलगी नेमके तेच ऐकते. प्रत्यक्षात ते दोन दिवस ऑलिव्हने शुभेच्छापत्रात वाजणारे गाणे म्हणत घरातच काढलेले असतात.

अफवा कशी पसरते, यापेक्षा तिचा हिशेब कसा चालतो, हे चित्रपट अधिक नेमकेपणाने दाखवतो. ज्या खोट्या कहाणीने ऑलिव्हची बदनामी होते, तिच्याच बळावर शाळेतील मुलांचा भाव वधारतो, आणि म्हणून ती मुले दुकानांची भेटकार्डे देऊन ऑलिव्हशी आपले संबंध आल्याची फुशारकी मारण्याची परवानगी तिच्याकडून विकत घेतात. वर्गात अमेरिकन लेखक हॉथॉर्नची १८५० सालची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी, जिच्यात नायिकेला व्यभिचाराची शिक्षा म्हणून छातीवर लाल ‘ए’ वागवावा लागतो, शिकवली जात असतानाच ती स्वतःच्या कपड्यांवर लाल ‘ए’ शिवून घेते. ऑलिव्ह साकारणाऱ्या एमा स्टोनने हा उद्दामपणा आणि त्यामागचा एकटेपणा सहज पेलला आहे.

त्याहून मोठा आनंद देतात ते स्टॅन्ली टूची आणि पॅट्रिशिया क्लार्कसन यांनी साकारलेले आईवडील. वडिलांचे नाव डिल, म्हणजे चक्क शेपू, आणि आईचे रोझमेरी! मुलीवर त्यांचा इतका विश्वास आहे की भाची चिवड्याची वाटी खाली ठेवून म्हणाली, “मावशी, आपल्याकडे असं झालं असतं ना, तर आधी माझा क्लास बंद झाला असता.” कॉलेज रोडवर कोण कोणाबरोबर दिसले, याची बातमी संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते, हे मीही अनुभवले असल्याने तिला उत्तर देता आले नाही.

धार्मिक गटाचे चित्रण मात्र अगदीच ढोबळ आहे. समुपदेशक बाईंचे गंभीर उपकथानकही घाईने उरकले आहे. प्रेमकथा ठीकठाक. संवादांत चावटपणा भरपूर असला, तरी चौदा-पंधरा वर्षांच्या पुढील मुलांबरोबर हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि आई स्वतःच्या शालेय दिवसांतील बदनामीबद्दल मुलीशी मोकळेपणाने बोलते, त्या प्रसंगाच्या वेळी चहा टाकायला उठू नये.