पाचोळा रोख, राय उधार: पानगळीत सामूहिक बागेचे वाफे कसे ठेवायचे?

टोमॅटोच्या झाडाला शेवटची हिरवी फळं लटकत असतात, भोपळ्याच्या पानांवर भुरी चढलेली असते आणि बागेच्या बैठकीत दरवर्षीचा वाद सुरू होतो. एक गट म्हणतो, वाफे पाचोळ्याने झाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, छे, हिरवळीचं पीक पेरा, म्हणजे खाण्यासाठी नाही तर वसंतात मातीत गाडण्यासाठी वाढवायचं पीक, मातीला बरं. तिसरा गट बहुधा नव्याने आलेल्यांचा. तो विचारतो, थंडीतही पालेभाजी येते म्हणतात, मग बाग बंद कशाला ठेवायची? तिघांचंही खरं असतं, म्हणून तर वाद मिटत नाही.

स्वयंसेवकांच्या अशा बागेचं वेळापत्रक मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: मातीकडे बघून ठरवू नका, हजेरीवहीकडे बघून ठरवा. कष्ट तिन्ही वाटांना आहेत. फरक आहे तो ते कधी उपसावे लागतात याचा. पाचोळा हा रोखीचा व्यवहार, सगळी मेहनत आत्ताच. हिरवळीचं पीक ही उधारी. आत्ता मूठभर बी फेकायचं आणि वसंतात व्याजासकट फेडायचं. हिवाळी भाजी म्हणजे हप्ते. दर आठवड्याला कुणीतरी हजर हवंच.

आमच्या वहीत पानगळीतल्या सुट्टीच्या दिवशी चौदा-पंधरा नावं सापडतात. हवा छान असते, उन्हाळाभर एकत्र राबून ओळखी झालेल्या असतात, जाताना पिशवीतून काहीतरी घरी न्यायलाही मिळतं. वसंताच्या तोंडावर त्याच वहीत पाच-सहा नावं. जुन्यांपैकी काहीजण गळालेले, नवे अजून यायचे आणि उरलेल्यांना पावसाचं निमित्त. तुमच्या वहीतले आकडे वेगळे असतील. पण मागच्या दोन वर्षांची पानं उलटून बघा आणि मगच पुढचं वाचा.

महिने मी मुद्दाम देत नाही. पृथ्वीच्या उत्तर अर्ध्यात पानगळ असते तेव्हा दक्षिणेत वसंत असतो. त्यामुळे सगळा हिशेब पाणी गोठवणाऱ्या पहिल्या रात्रीपासून मागे मोजून करायचा. तुमच्या भागात ती रात्र साधारण कधी येते हे जुन्या माळ्यांना तोंडपाठ असतं.

पाचोळा

याचं सोंग साधं, वजन मात्र अंदाजाबाहेर. आमचा एक वाफा 1.2 मीटर रुंद आणि 3 मीटर लांब आहे, म्हणजे 3.6 चौरस मीटर. त्यावर 10 सेंटिमीटरचा थर द्यायचा तर 360 लिटर बारीक केलेला पाचोळा लागतो. आमच्या बावीस वाफ्यांना जवळपास 8 घनमीटर. हे सगळं गोळा करायचं, कापायचं, ढकलगाडीत भरायचं आणि पसरायचं. चौदा माणसं असतील तर एका सकाळचं काम, चार असतील तर चार सकाळी.

‘बारीक केलेला’ हा शब्द सोडू नका. अख्खी रुंद पानं भिजली की एकावर एक चिकटतात, ओल्या पुठ्ठ्यासारखा थर तयार होतो आणि खाली ना हवा जाते ना पाणी. गवत कापायचं यंत्र पाचोळ्यावरून दोनदा फिरवलं की काम होतं. पसरल्यावर लगेच पाणी मारा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात निम्मा पाचोळा शेजारच्या वाफ्यात, उरलेला कुंपणात. काळ्या अक्रोडाची पानं वेगळी काढा. त्यांतलं जुग्लोन हे रसायन टोमॅटोला बाधतं.

पाचोळ्यात नत्राच्या मानाने कर्ब फार, म्हणून तो मातीत पुरला तर कुजताना मातीतलंच नत्र खातो. वर नुसता पसरला तर हा त्रास जवळपास होत नाही. तेव्हा कुणी उत्साहाने कुदळ घेऊन ‘मिसळून टाकू का?’ विचारलं तर नाही म्हणा.

वसंतातलं काम किरकोळ: पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी दाताळ्याने पाचोळा बाजूला ओढायचा, म्हणजे माती तापते. झाकलेली माती उशिरा गरम होते हा पाचोळ्याचा खरा तोटा. दुसरा तोटा गोगलगाईंचा. त्यांना हे अंथरूण फार आवडतं. ओलसर हवेत वसंतातली कोवळी रोपं एका रात्रीत गायब झालेली मी पाहिली आहेत.

पाचोळा कमी पडला म्हणून कुणी फुकट गवत, काड किंवा शेणखत देऊ केलं तर हुरळून जाऊ नका. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड ही तणनाशकं गवतात टिकतात, ते गवत खाणाऱ्या जनावराच्या शेणातूनही जशीच्या तशी बाहेर पडतात आणि मग टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पानं आकसून वाकडी होतात. तपासणी घरची आहे. त्या मालात माती मिसळून दोन-तीन कुंड्या भरा, शेजारी नुसत्या मातीच्या दोन ठेवा, सगळ्यांत घेवडा लावा आणि तीन आठवडे वाट बघा. पानं सरळ आली तरच माल आत घ्या. सामूहिक बागेत एका गाडीने वीसजणांचे वाफे बिघडतात, आणि मग शिव्या खायला तुम्हीच पुढे असता.

हिरवळीचं पीक

मातीपुरतंच बोलायचं तर ही वाट सरस आहे, हे कबूल. पीक निघाल्यावर मातीत उरलेलं नत्र थंडीच्या पावसाबरोबर खाली वाहून जातं. जिवंत मुळं ते धरून ठेवतात. पाचोळा पावसाचा मारा अडवतो, पण नत्र धरत नाही. शिवाय बी किती कमी लागतं बघा. राय, म्हणजे गव्हासारखं एक तृणधान्य. तिचं बी चौरस मीटरला 12 ग्रॅम धरलं तर बावीस वाफ्यांना एक किलोही नाही. तिकडे 8 घनमीटर पाचोळा आणि इकडे एक पिशवी. बी फोकायचं, दाताळं फिरवायचं, झालं. बैठकीत हात वर होतात ते याच जागी.

(राय म्हणजे राई, अर्थात मोहरी, नव्हे. एकदा आमच्या यादीत काना वेलांटीच्या घोळाने राईचं बी आलं. मोहरीही हिरवळीसाठी पेरतात, पण ती कोबीच्या कुळातली. मुळांना गाठी आणणारा कोबीवर्गाचा रोग मातीत वीस वर्षांपर्यंत टिकू शकतो. ज्या बागेत दर तिसरा माणूस कोबी किंवा फ्लॉवर लावतो तिथे मोहरी, मुळा वगैरे हिरवळीसाठी नकोच.)

राय चिवट आहे. माती 3-4 अंशांवर आली तरी उगवते, कडाक्याच्या थंडीत तग धरते आणि वसंतात सगळ्यांच्या आधी उभी राहते. चिवटपणा हाच तिचा गुण, आणि आमचं वाटोळंही त्यानेच केलं.

त्या वर्षी आम्ही चौदा वाफ्यांत राय पेरली. प्रस्ताव माझाच होता. थंडीभर बाग हिरवी दिसली, येणारे-जाणारे कौतुक करत होते. वसंतात राय वीतभर झाली तेव्हा ती मातीत गाडायची वेळ होती, पण ओळीने तीन सुट्ट्या पावसात गेल्या. चौथ्या वेळी पाचजण आलो. तोवर ती गुडघ्याच्या वर गेली होती. विळ्याने कापली. दहा दिवसांत पुन्हा फुटली. फुलोऱ्याआधी कापलेली राय पुन्हा वाढते हे मला वाचून ठाऊक होतं, पण ‘आपण मुळाशीच कापू’ म्हणून मी दामटलं होतं. मग फुलोऱ्याची वाट बघितली, तर ती कमरेएवढी झाली आणि ताट काडीसारखं कडक. मुळांची जाळी अशी की कुदळ मारली की गादीसारखी उसळायची. शेवटी कापलेल्या बुडख्यांवर काळी ताडपत्री टाकून चार आठवडे घालवले. टोमॅटोची रोपं तोवर कुंड्यांत पिवळी पडत होती. एकाने धीर न धरता ताजी राय गाडलेल्या वाफ्यात गाजर पेरलं. ओळीत मोजून सहा उगवली. कुजणारी राय बारीक बियांच्या उगवणीला अडवते, म्हणून गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. त्यात जून रायमध्ये कर्ब इतका असतो की पुढच्या पिकाचं नत्रही काही काळ अडकून बसतं.

तेव्हा राय कुणासाठी? ज्यांच्याकडे वसंताच्या सुरुवातीला ठरलेल्या आठवड्यात येतीलच अशी आठ-दहा माणसं आहेत, किंवा माती फिरवायचं यंत्र आहे. बाकीच्यांनी नाद सोडावा.

पण उधारीतही सौम्य प्रकार असतो, तो म्हणजे ओट. उणे 7 ते उणे 10 अंशांच्या आसपास ओट थंडीने आपोआप मरतो आणि वसंतात वाळक्या चटईसारखा वाफ्यावर पडलेला मिळतो. दाताळ्याने ओढला की लागवडीला जागा मोकळी. अट एकच. गोठवणाऱ्या थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी पेरायला हवा, म्हणजे अंगात काही जमेल. त्या वेळी वाफ्यात टोमॅटो आणि घेवडा अजून उभे असतात आणि ते उपटायला कुणाचं मन होत नाही. तुमची थंडी सौम्य असेल तर ओट मरणारच नाही, मग तीच राय-कथा, जरा मऊ आवृत्तीत. क्लोव्हर आणि व्हेच ही शेंगावर्गीय पिकं हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत साठवतात हे खरं, पण त्यांनाही लवकर पेरणी लागते आणि व्हेचचे वेल वसंतात दाताळ्यात अडकून जीव नकोसा करतात.

हिवाळी भाजी

याबद्दल थोडक्यात. पालक, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) ही मंडळी थंडी सोसतात. थंडीने केल आणि गाजराची गोडीही वाढते. पण दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की वाढ जवळपास थांबते. म्हणजे त्या सुमाराला पीक काढणीजोगं झालेलं असलं तरच थंडीभर तोडता येतं. उशिरा पेरलेलं नुसतं टिकून राहतं. पातळ कापडी आच्छादनाने दोन-तीन अंशांची ऊब मिळते, मात्र ते कापड वाऱ्यात उडतं, दुपारी उघडावं लागतं, संध्याकाळी झाकावं लागतं. रोज कुणी जवळ राहणारं नसेल तर हे जमत नाही. पाण्याचे नळ बंद केलेले असतात, त्यामुळे पाणीही वाहून आणायचं. बावीसपैकी दोन वाफे हौशी माणसांना द्या, नावानिशी. ‘सगळ्यांची भाजी’ म्हणून ठेवलीत तर पहिल्या बर्फानंतर ती कुणाचीच उरत नाही.

लसूण मात्र या हिशेबात बसत नाही. तो या तिन्ही वाटांपेक्षा सरळ आहे. जमीन घट्ट गोठायच्या तीन-चार आठवडे आधी पाकळ्या 5 सेंटिमीटर खोल आणि वीतभर अंतरावर लावायच्या, टोक वर, आणि वर पाचोळ्याचा थर. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो जवळपास काही मागत नाही. स्वयंसेवकांच्या बागेला याहून समजूतदार पीक मला सापडलेलं नाही. फक्त दरवर्षी वाफा बदला.

वाफे वाटलेले असतील तर

आतापर्यंतचं सगळं सामाईक बागेला धरून. जिथे प्रत्येकाचा वाफा वेगळा असतो तिथे प्रश्न मातीचा राहत नाही, माणसांचा होतो. पानगळीत जे सोडून जातात ते सहसा सांगून जात नाहीत. वाफा तसाच पडतो, तण बी धरतं आणि वाऱ्याने शेजाऱ्याकडे जातं. म्हणून आम्ही एक तारीख ठरवतो, पहिल्या गोठणीच्या अंदाजाच्या दोन आठवडे आधीची. तोवर वाफा स्वच्छ करून झाकायचा किंवा पेरायचा. नाही झाला तर बाग तो पाचोळ्याने झाकेल आणि वसंतात पुढच्या माणसाला देईल. हे जुन्या-जाणत्या सदस्यांनाही लागू, असं लिहून ठेवा. तोंडी ठेवलंत तर भांडण ठरलेलंच. वैयक्तिक वाफ्यात राय पेरायची परवानगी द्यायची असेल तर पेरणाऱ्याकडून वसंतात गाडायची तारीखही तेव्हाच लिहून घ्या.

कुठलीही वाट धरा, दोन कामं त्याआधी उरकावी लागतातच. टोमॅटो-बटाट्यावर उशिरा येणाऱ्या करप्याचा रोगजंतू मुख्यतः जिवंत पेशींवर थंडी काढतो, म्हणून जमिनीत राहिलेले बटाटे शोधून काढा. रोगट झाडं कंपोस्टमध्ये टाकायची तर ढीग 55 अंशांवर नीट तापतो का हे थर्मामीटरने बघा, हात घालून नाही. आणि पाइपातलं पाणी काढा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि फुटलेला सांधा कळतो तो थेट वसंतात, पहिला नळ उघडल्यावर.

मग आम्ही काय करतो

बावीसपैकी पंधरा वाफे पाचोळा, तीन ओट, दोन लसूण, दोन हौशींची भाजी. ओटचे तीन वाफे म्हणजे ज्यांत घेवडा लवकर संपतो ते. तुमच्याकडे वसंतात माणसं भरपूर आणि पानगळीत कमी असतील, उदाहरणार्थ शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली बाग, तर हे प्रमाण उलटं करा, तिथे उधारीच परवडते. माणसं दोन्हीकडे कमी असतील तर निम्म्या वाफ्यांवर सरळ काळी ताडपत्री टाका, कडेला दगड ठेवा आणि उरलेले नीट सांभाळा. ताडपत्री दिसायला वाईट दिसते, बैठकीत कुणीतरी नाक मुरडतंच. त्याला ढकलगाडी द्या आणि पाचोळ्याचा ढीग दाखवा.