गच्चीवर काय सांगायचं: गुन्हा, भूत की फजिती?

मे महिन्यात परगावची पोरं कोल्हापुरात उतरली की दिवसाचं काही ठरवावं लागत नाही. सकाळी मिसळ, दुपारी पंख्याखाली आंबे, संध्याकाळी रंकाळा. प्रश्न असतो रात्रीचा. गच्चीवर पाणी मारून अंथरुणं पडली, लाईट गेली की कुणीतरी म्हणतंच, "सांग की काहीतरी."

परवा पुण्याहून आतेभावाचा फोन आला. "दादा, दहा दिवस येतोय. पोरांना ह्या वेळी भुताबिताचं नको, खऱ्या गुन्ह्याचं सांग. थोरली रात्रभर कानात तेच ऐकत असते." थोरली सोळाची, धाकटा नऊचा. मी बघतो म्हणालो आणि खरंच बघायला बसलो. लहानपणापासून ह्याच गच्चीवर ऐकत आलो, आता दहा-बारा वर्षं सांगतोय. माझ्यासारखी आणखी कुणावर पाळी येणार असेल तर त्याच्याही उपयोगी पडेल.

खऱ्या गुन्ह्याची पकड आयती असते. "हे आपल्या गावात घडलंय" एवढं म्हटलं की पोरं मोबाईल पालथा घालतात. कोल्हापुरात तर शोधायलाही जावं लागत नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रातून लहान मुलं पळवायची, चोरी करताना ती कडेवर ठेवायची. गर्दीत पकडलं गेलंच तर त्याच मुलाला इजा करून लोकांचं लक्ष दुसरीकडं वळवायचं. उपयोग संपला की मूल संपवायचं. तेरा अपहरणांचा आरोप होता. १९९६ मध्ये नात्यातल्याच एका मुलीच्या अपहरणाचा धागा धरून पोलीस पोहोचले. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मेली.

आता सांगणाऱ्याची अडचण बघा. ह्या गोष्टीतला जो भाग ऐकणाऱ्याला खेचतो, म्हणजे मुलांचं काय केलं, तो सांगूच नये असा आहे. मी एकदा सांगितला होता, कॉलेजात असताना, चार मित्रांसमोर, रंगवून. सांगून झाल्यावर कुणी बोललं नाही आणि मला माझीच लाज वाटली. ती मुलं कुणाची तरी होती. काहींचे आईबाप अजून असतील, कदाचित ह्याच शहरात.

सांगण्यासारखं आहे ते पुढचं. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला सरकारनं फार वर्षं लावली होती. सोळा वर्षांच्या मुलीसमोर एवढंच ठेवा आणि विचारा, बरोबर झालं का? रात्री एकपर्यंत वाद चालतो. मागच्या वर्षी दुसऱ्या एका भाचीनं मला ह्यात पार गप्प केलं होतं.

नऊ वर्षांच्या पोरासमोर मात्र अजिबात नको. त्याला न्यायालयं कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की बायका मुलं पळवतात, आणि दुसऱ्या दिवशी तो महाद्वार रोडवर चालायला तयार होत नाही.

आणखी एक. ज्याची जखम गावात अजून ओली आहे ते गच्चीवर आणूच नये. गोविंद पानसरेंना फेब्रुवारी २०१५ मध्ये घराजवळ गोळ्या घातल्या. त्याबद्दल बोलायचं तर दिवसाउजेडी, नीट बसून. अंथरुणावर लोळत नव्हे.

माझ्या आजोबांकडं गुन्ह्याची एक गोष्ट होती जी मला अजूनही योग्य वाटते. ते तेव्हा मुंबईत गिरणीत होते. १९६८ साल, उपनगरांत झोपडीत आणि फूटपाथवर झोपलेल्या माणसांना ठेचून मारणारा रामन राघव ऑगस्टमध्ये सापडला. तोवर चाळीतली माणसं गॅलरीत झोपायची बंद झाली होती, असं ते सांगायचे. एका खोलीत अकरा जण, दार बंद, आणि घामानं जीव नकोसा. खुनाबद्दल एक अक्षर नाही. पण ती बंद खोली ऐकताना आम्ही गच्चीवरच्या वाऱ्यात पांघरूण ओढून घ्यायचो.

गंमत म्हणजे गाजलेले खून उन्हाळ्यातले फारसे नसतात. पुण्यातलं जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांचं हत्याकांड घ्या, ऑक्टोबरअखेर आणि डिसेंबरच्या सुरुवातीचं, १९७६ चं. आपल्याकडचा अस्सल उन्हाळी गुन्हा म्हणजे घरफोडी. माणसं गावाला किंवा गच्चीवर, खाली घर मोकळं. आमच्या बोळातल्या काकूंकडं चोर शिरला तेव्हा सगळं कुटुंब वर झोपलेलं. त्यानं पहिलं काम काय केलं, तर जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. सात माणसं सकाळपर्यंत वर कोंडलेली. काकू स्वतः सांगतात ते असं: "साडेपाचला दूधवाला दिसला. मी आपला कठड्यावरनं ओरडालोय, ओ दूधवाले, ओ दूधवाले! त्येला वाटलं पाहुणे आल्यात. अर्धा लिटर जादा ठेवला आणि गेला की ओ!"

(आमच्याकडच्या बायका 'मी ओरडालोय, मी गेलो' असंच म्हणतात. पुण्याची पोरं निम्मी तिथंच हसतात.)

ही गोष्ट गुन्ह्याची की फजितीची? मी फजितीत धरतो. काकूंचे दागिने गेले, ते परत आले नाहीत, पण त्या ते शेवटी सांगतात, अर्ध्या लिटरनंतर. दुसरं कुणी सांगायला लागलं की आधी दागिने सांगतं आणि सगळं मातीत जातं. फजितीच्या गोष्टीचं हे असं असतं. दिसायला सगळ्यात सोपी, आणि ज्याची फजिती झाली त्याच्याच तोंडी शोभते. वळवाचा पाऊस आला म्हणून टॉवेल गुंडाळून कुरडया उचलायला धावलेल्या काकांची गोष्ट आमच्या घरात प्रत्येकानं सांगून बघितली आहे. हशा फक्त काकांनाच मिळतो. तेव्हा फजितीची सांगायची असेल तर स्वतःची घ्या. आपलं तोंडघशी पडणं सांगायची तयारी नसेल तर हा प्रकार सोडून द्या.

राहिली भीतीची. भुतांच्या गोष्टींबद्दल माझं मत फार बरं नाही. मुंजा, हडळ, चकवा, सगळे कुणाच्या तरी चुलत्याला दिसलेले. पोरं आता विचारतात, "तुम्ही बघितलं का?" आणि तिथं गाडी अडते. स्वतःवर बेतलेली भीती मात्र वेगळी. माझ्याकडं मामाची आहे, आणि मी ती त्याच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे की मला तेवढी मुभा आहे असं समजतो.

मामाचं शेत राधानगरीच्या अलीकडं. मेमधली रात्र, पंपाला लागणारी थ्री फेज लाईट रात्रीचीच, म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेला. दारं धरत होता, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवत होता, एकटाच. बॅटरी मंद झालेली. बांधावर म्हसोबा. उसाच्या कडेला कुणीतरी जोरात श्वास सोडला. बॅटरी तिकडं मारली तर दिसले पांढरे पाय. चार. वर काहीच नाही. पाय गुडघ्याखाली पांढरे, आणि त्याच्या वर नुसता अंधार.

मामानं चप्पल काढली, म्हसोबाला हात जोडले आणि उभा राहिला. पळावं असं सुचलंच नाही म्हणतो. किती वेळ गेला त्याला माहीत नाही. मग तो अंधार हलला, खाली वाकला आणि पाटातलं पाणी प्यायला लागला.

गवा होता. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे, आणि अंग काळं. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून गव्यांचं अभयारण्य आहे, आणि उन्हाळ्यात आतलं पाणी आटलं की ते खाली शेतात उतरतात. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. मामा म्हणतो, "भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला नारळ चालतो."

भुताची गोष्ट खुलासा झाला की मरते. हिचं उलटं आहे. खुलासा झाल्यावर खरी भीती सुरू होते. नऊ वर्षांच्या पोराला पण चालते, कारण रात्री त्याला पांढरे पाय दिसले तर गवा म्हणून ओळखता येतात, आणि रंकाळ्याजवळच्या गच्चीवर जिना चढून गवा येत नाही. हे त्याला सांगायला विसरू नका.

म्हणून आतेभावाला मी कळवलं ते असं. पहिल्या रात्री काकूंना वर बोलवू, दूधवाला त्यांच्या तोंडून. दुसऱ्या रात्री गवा. धाकटा झोपल्यावर थोरलीला २००१ ते २०२२, तेवढंच, आणि तिचं काय मत पडतं ते बघू.

एक गोष्ट मात्र मी अजून कुठल्या खणात टाकावी ते ठरवू शकलेलो नाही. १९९७ ची जोतिबाची चैत्र यात्रा. मी नऊ वर्षांचा. गावितांची बातमी वर्तमानपत्रांतून अजून गेली नव्हती, त्यामुळं घरापासून आईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. डोंगरावर गुलाल असा की माणूस माणसाला ओळखत नाही. एका सासनकाठीपाशी, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठीपाशी, मी मान वर करून बघत राहिलो, मनगट निसटलं, आणि आईनं मागं न बघता हात टाकून जे मिळालं ते धरलं आणि चालायला लागली. पंचवीस-तीस पावलं. ते पोरगं बिचारं घाबरून गप. मागून एक बाई किंचाळली, "पोर न्हेलं! माझं पोर न्हेलं!"

गर्दी फिरली. त्या वर्षी ते तीन शब्द कुठंही ओरडले असते तरी गर्दी फिरली असती. आईभोवती माणसं जमली, कुणीतरी तिचा दंड धरला, आणि ती ओरडत होती, "माझंच हाय, माझंच हाय!" तिनं पदरानं त्या पोराचं तोंड पुसलं. गुलालाखालून दुसराच चेहरा निघाला.

मी मागून पोहोचलो आणि म्हणालो, "आई, रस पाहिजे."

हवालदार, समजावणं, दोघी आयांचं रडणं आणि शेवटी अन्नछत्रात शेजारी बसून जेवणं. बाबा सांगतात तेव्हा 'रस पाहिजे'वर सगळी गच्ची हसते. मी सांगतो तेव्हा दंड धरणाऱ्या हातापाशी थांबतो. ही सांगायची तर आई खाली झोपलेली असेल त्याच रात्री. ती वर असली की अजूनही मधेच म्हणते, "मनगट तुझ्याएवढंच होतं रे त्येचं."