ठाकूरद्वारचं छपाईचं दुकान: वाचल्याशिवाय न छापणारे काका

आमचा सोळा जणांचा ग्रुप आहे, डोंबिवलीपासून पालघरपर्यंत पसरलेला. संध्याकाळच्या एका मराठी मालिकेमुळे ओळखी झाल्या आणि गेली चार वर्षं आम्ही त्या मालिकेवर दिवाळीच्या सुमारास अंक काढतो. मालिकेत जे घडलं नाही ते आम्ही लिहितो. मोडलेलं लग्न जुळवतो, मेलेल्या सासऱ्यांना परत आणतो. सोबत चित्रं, परीक्षणं, एखादी कविता. वर्गणी काढून ६० प्रती छापतो आणि आपापसांत वाटतो.

यंदाचा अंक ठाकूरद्वारला छापून घेतला. चर्नी रोडला उतरून चालत जाण्यासारखं आहे. चाळीचा तळमजला, दोन खणांचं दुकान, दारात लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेले. काका सत्तरीचे असतील. ए-फाइव्ह आकार, ४८ पानं, आत ८० जीएसएम मॅपलिथो कागद, कव्हरला आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन, सेंटर पिन (म्हणजे मधोमध पिना मारलेली बांधणी). प्रतीला ९५ रुपये पडले. मागच्या वर्षीच्या दुकानापेक्षा १८ रुपये जास्त. ते १८ रुपये कशाचे, हे सांगायलाच लिहायला बसलेय.

मागच्या वर्षी ज्यांनी छापलं त्यांनी पेनड्राइव्ह घेतला आणि तिसऱ्या दिवशी गठ्ठा हातात दिला. चूक त्यांची नव्हे, आमची. त्या अंकात एक गोष्ट होती, मालिकेतल्या नायक-नायिकेची म्हणून आलेली. पण नावं पात्रांची नव्हती, नटनट्यांची खरी होती. कोणत्या हॉटेलात भेटले, कोण कोणाला काय म्हणालं, सगळं रंगवलेलं. आम्ही हसत हसत वाचलं आणि जाऊ दिलं. एका पानाचा फोटो फिरत फिरत नायिकेचं काम करणाऱ्या मुलीच्या घरी पोचला. नोटीस वगैरे काही आली नाही. तिच्या आईचा मला फोन आला. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच विचारलं, "माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. तुम्ही लिहिलंय ते तुम्हाला कुठून कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फोर्टात एका वकिलांकडे बावीस वर्षं टायपिंग करते. बदनामीच्या किती नोटिसा या हातांनी टाइप केल्या असतील, आणि ते पान माझ्याच नजरेखालून गेलं होतं.

म्हणून यंदा काकांची पद्धत ऐकल्यावर मी तिथेच काम दिलं. ते आधी एक प्रूफ काढतात आणि स्वतः वाचतात, शुद्धलेखनासाठी नव्हे, मजकुरासाठी. मी समोर स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, हातात दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल. निळी खूण म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे प्रश्न. पान ३१ वर त्यांनी एका नावाखाली लाल रेघ ओढली आणि विचारलं, "ताई, हे पात्र आहे की माणूस?"

माणूस होता. पुन्हा तीच चूक, एका नव्या मुलीच्या गोष्टीत. ती म्हणाली, "पण आपल्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे ना?" आहेच. कलम १९(१)(क) तेच देतं. पण लगेच १९(२) येतं आणि ज्या कारणांसाठी सरकारला वाजवी निर्बंध घालता येतात त्यांत बदनामी हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचा कायदा घटनेत बसतो असं सांगितलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मागच्या वर्षीच्या त्या नटीच्या आईचा प्रश्न उरतोच. आमच्या नव्या मुलीने गोष्ट परत लिहिली, फक्त पात्रांची नावं घालून, आणि खरं सांगते, गोष्ट सुधारली. आधी ती गॉसिप होती.

कव्हरवर आम्ही नायकाचा एक छान फोटो लावला होता, इन्स्टाग्रामवरून घेतलेला. काकांनी विचारलं, "फोटो कोणी काढला?" कोणालाच माहीत नव्हतं. "मग ज्याने काढला त्याला विचारल्याशिवाय मी छापणार नाही." इथे आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं की आपण पैसे कमवत नाही, म्हणजे सगळं चालतं. तसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त अशा ठरावीक गोष्टींना सूट आहे, 'फुकट वाटलं' एवढ्यालाच नाही. 'आमचा हक्क नाही, सर्व हक्क मूळ मालकांचे' असं पहिल्या पानावर छापल्यानेही काही सुटका होत नाही. खुद्द आमच्या गोष्टींचंही तसंच. कल्पनेवर कोणाचा मालकी हक्क नसतो, मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटक-सिनेमाच्या वादात सांगितलंय. पण आम्ही तर त्यांचीच पात्रं, त्यांचीच घरं, कधी त्यांचेच संवाद घेतो. निर्माते चालवून घेतात म्हणून आमचं चालतं, हे आपलं आपल्याला ठाऊक असावं. शेवटी कव्हरवरून तो फोटो हटवला आणि ग्रुपमधल्या एका कॉलेजकुमाराने काढलेलं मालिकेतल्या वाड्याच्या दाराचं रेखाचित्र लावलं.

आता तक्रार. काका जेवढं थांबवायला हवं त्याच्यापुढे जातात. पान १२ वर एक परीक्षण होतं, मालिकेच्या लेखनावर जोरदार टीका करणारं: गेल्या सहा महिन्यांत नायिका फक्त रडते, लेखकाला बाई म्हणजे काय हे कळलेलं नाही. काकांनी अख्ख्या पानावर लाल रेघ मारली. "उगाच कशाला? मोठी माणसं आहेत." त्यांची भीती मला कळते. एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात १९९४ साली छापलेल्या मराठी कवितेवरचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चालला होता. एवढी वर्षं कज्जा गळ्यात घेऊन छपाईचा धंदा कोण करेल?

पण या पानासाठी मी भांडले, आणि तासभर भांडले. बदनामीच्या कलमातच अपवाद आहे: लोकांपुढे मांडलेल्या कलाकृतीच्या गुणदोषांवर सद्भावनेने दिलेलं मत म्हणजे बदनामी नव्हे. कायद्यात त्याचं उदाहरणही आहे. पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणून लेखक कच्चा असावा, हे म्हणता येतं, कारण मत पुस्तकातून निघालं. लेखक मुळातच बदफैली आहे, मग पुस्तक असंच असणार, हे म्हणता येत नाही. आमचं परीक्षण पहिल्या जातीचं होतं. आमच्या पालघरच्या मैत्रिणीने तर फोनवरूनच काकांना सांगितलं, "२०१२ ला आमच्या गावात दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून पोलिसांनी धरलं होतं. ते आयटी कायद्याचं ६६अ कलम २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. आता आपणच घाबरून पान काढायचं का?" काका थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि लाल रेघ पुसली. पूर्ण गेली नाही, पण पान छापलं गेलं, शब्दही न बदलता.

काही जणी यंदा म्हणाल्या की काकांनी सेन्सॉरगिरी केली. मला हे पटत नाही. एखादं काम नाकारायचा त्यांना हक्क आहे, आम्ही दुसरीकडे जाऊ शकत होतो. सरकारने पकडणं आणि दुकानदाराने 'मी नाही छापत' म्हणणं यात फरक आहे. शिवाय त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि ते ऐकतात. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे.

बाकी कामाचं: सेंटर पिन सरळ, कटिंग नीट, रंगीत आठ पानांत चेहरे थोडे तांबूस आले. सात-आठ कव्हरांवर लॅमिनेशनला फुगे होते, ती त्यांनी बिनपैशांनी बदलून दिली. सांगितलेल्या तारखेच्या चार दिवस उशिरा मिळालं, ते प्रूफवाचनात गेले, तेव्हा दिवाळीआधी हवं असेल तर महिनाभर आधी जा. दुपारी एक ते चार बंद.

एक काम अजून केलं त्यांनी. मागच्या वर्षीच्या ६० प्रतींपैकी ३७ मी घरोघरी फिरून परत गोळा केल्या होत्या. त्या पिशवीत घालून नेल्या. काकांनी काही विचारलं नाही, गठ्ठा कटिंग मशीनखाली लावला आणि चार वेळा हँडल ओढलं. २३ प्रती अजून बाहेर आहेत. हे वाचणाऱ्या कोणाकडे असेल तर मला सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन, बदल्यात यंदाचा अंक देईन.